मैदान कोरडं होतं

पुएर्तो ओलिवेरा,
८ ऑगस्ट १९९६

प्रिय विल्मार,

नाताळ नाही, तुझा वाढदिवस नाही, तरी आईचं पत्र आलं म्हणून घाबरून शेवटचं पान आधी वाचू नकोस. तुझे बाबा आहेत. मे महिन्यापासून अंथरुणाला खिळलेत, छातीत पाणी साठतं, चार शब्द बोलले की धाप लागते, पण आहेत. आज सकाळी शेवयांचं सूप खारट झालं म्हणून माझ्याशी भांडलेसुद्धा. डॉक्टर म्हणतात, संत्र्यांना मोहर येईपर्यंत काढतील. त्यापुढचं ते सांगत नाहीत आणि मीही विचारत नाही. हे सगळं फोनवर जमलं नसतं. फोनवर तू "बरी आहेस ना?" विचारतोस, मी "बरी आहे" म्हणते, आणि उरलेला वेळ आपण सिडनीच्या हवेबद्दल बोलतो. आठ वर्षांत तू बाबांचं नाव एकदाही काढलेलं नाहीस. तुझ्या कार्डांवर "आईला" एवढंच असतं. ती त्यांना वाचून दाखवताना मी "आई-बाबांना" असं वाचते. त्यांना ते कळत नाही, असं मी परवापर्यंत धरून चालले होते.

आपल्या सालादेरो फुटबॉल क्लबाचा कोच आता कोण आहे, ओळख. तेचेरा. तुझ्या मागे डावा बचाव सांभाळायचा तोच. पोट सुटलंय, केस गेलेत, पण आवाज तसाच, नदीपलीकडे आर्जेन्तिनात ऐकू जाईल असा. त्याने या वर्षी बाबांची जुनी मांडणी पुन्हा काढली, मागे तिघांची. त्या फायनलनंतर बाबांनी ती मोडून टाकली होती, तुला आठवतच असेल. आता दर बुधवारी तो बाबांच्या खाटेशी येऊन बसतो, येर्बाच्या कडू चहाचा पेला आम्हा तिघांत फिरतो आणि त्याचं गाऱ्हाणं सुरू होतं: "मास्तर, कडेचे दोघं वर जातात ते परत यायचं नावच घेत नाहीत." बाबा म्हणतात, "मग त्यांना शाली विणायला शिकव. निदान थंडीत उपयोग होईल."

स्वयंपाकघरातल्या मेणकापडावर अजूनही बिअरची बुचं मांडलेली असतात. बाबा खाटेवर पडल्यापासून मी ती पाटावर मांडून त्यांच्या मांडीवर ठेवते. कोणतं बूच कुणाचं ते त्यांच्या बोटांना कळतं, कारण प्रत्येकाला त्यांनी वेगळी खाच पाडली आहे. तेचेराला शिकवताना धाप लागली की मला म्हणतात, "तू सांग, तुला येतं सगळं." मग मी सांगते. मागे तिघं. त्यांतला एक सगळ्यांच्या मागे मोकळा, त्याने कुणाला धरायचं नाही, नुसतं झाडत राहायचं. मध्ये तिघं, पुढे दोघं. आणि दोन कडांना एकेक जण, ज्याला ना घर ना दार. चेंडू आपला असला की तो पुढच्यांत, गेला की मागच्यांत. त्यामुळे चढाईला आपले सहा होतात आणि बचावाला पाच, अकराच माणसांत. पण दोन्ही कडांनी एकदम वर जायचं नाही. डावा गेला की उजव्याने दाराशी थांबायचं आणि मागच्या तिघांनी डावीकडे सरकायचं, बाकावर माणसं सरकून जागा करतात तसं. मात्र सरकलेल्याने तिथे ठाण मांडायचं नाही. गेलेला परत आला की त्याची जागा त्याला द्यायची. इथे बाबा नेहमी मध्ये बोलतात: "वर तर कुणीही जाईल, गर्दी ओरडत असतेच. ही सगळी मांडणी परत येणाऱ्यावर चालते." तेचेरा वहीत लिहून घेतो. मी खिडकीबाहेर बघते.

रविवारी मी एकटी मैदानावर जाते. थर्मास बरोबर असतो, पण एकटीने येर्बा पिण्यात मजा नाही, निम्मं पाणी परत आणते. लोक फार चांगले आहेत. माझ्या डाव्या हाताची जागा मास्तरांची म्हणून कुणी तिथे बसत नाही, फायनलच्या गर्दीतसुद्धा बसणार नाही. त्या चांगुलपणाचा मला कधीकधी इतका राग येतो की वाटतं, कुणीतरी उद्धट माणसाने येऊन बसावं आणि माझं डोकं खावं. मग मी सामना डोक्यात साठवत बसते, घरी जाऊन सांगायचा म्हणून. सांगताना समोर पांढरे पडलेले डोळे असतात. मी जे पाहिलं ते माझ्याबरोबर दुसऱ्या कुणी पाहिलेलं नसतं. इतकी वर्षं झाली, तरी याची सवय झालेली नाही रे.

काचबिंदूने त्यांची नजर गेली तेव्हा तू सतरा वर्षांचा होतास. क्लबाने त्यांना कोचपदावरून काढलं नाही, आणि मी त्यांच्या शेजारी बाकावर बसायला लागले. यादीत माझं नाव मालिशवाली म्हणून लिहायचे. आयुष्यात मी कुणाची पोटरी चोळली नाही. एकदा बाहेरगावचा पंच कागद बघून म्हणाला, "बाई, तेलाची बाटली कुठाय?" तर बाबा म्हणाले, "तिच्या जिभेवर." सुरुवातीला मी चेंडू कुठे आहे तेच सांगत सुटायचे. ते ओरडायचे, "चेंडू सगळं गाव बघतंय. तू रिकामी जागा बघ. कोण कुठून उठून गेलं, ते मला सांग." शिकले. आता ती खोड जात नाही. कुठेही गेले की मला आधी रिकामी जागा दिसते, मग माणसं. आपल्या जेवणाच्या टेबलाशीही तसंच होतं.

आता त्या दिवसाचं. नोव्हेंबर सत्त्याऐंशी, स्टेशनवाल्यांशी फायनल, एक-एक, दहा मिनिटं उरलेली आणि आपल्याला बरोबरी पुरत होती. तू डावीकडून वर गेलास. तुला पाडलं. माझ्या मते तो फाउल होता, मी आजही पंचाला तोंडावर सांगेन. पण त्याने शिट्टी दिली नाही आणि तू कमरेवर हात ठेवून त्याच्याकडे बघत उभा राहिलास. खेळ पुढे गेला, तू तिथेच. त्यांचा माणूस तुझ्या रिकाम्या कडेने धावत सुटला, तेचेरा त्याला अडवायला बाहेर गेला, मध्ये भगदाड पडलं आणि मागचा मोकळा एकटा दोघांना पुरला नाही. गोल. बाबांनी माझं मनगट धरून विचारलं, "कोण उठून गेलं?" मी त्यांना कधी खोटं सांगितलं नव्हतं. मी म्हणाले, "तेचेरा घसरला." ते एकदाच म्हणाले, "घसरला?" आणि मनगट सोडून दिलं.

कपडे बदलायच्या खोलीत ते काय बोलले ते तू ऐकलंस. "चूक मांडणीची, मांडणी माझी. कुणी मान खाली घालायची नाही." आणि काठी टेकत तुझ्यासमोरून निघून गेले. बूट वाकडा ठेवला तरी तुला ओरडणारा माणूस, त्या दिवशी काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, नाताळात नाही. तू ताटावर बसून वाट बघायचास, ते मी बघत होते. मार्चमध्ये तू बसमध्ये चढलास तेव्हाही "कोट घे, तिकडे थंडी असते," एवढंच. मग सिडनीहून तुझं पहिलं पत्र आलं. त्यात तू लिहिलं होतंस की बाबांनी तुला ओरडण्याच्याही लायकीचा समजलं नाही. ते पत्र मी पिठाच्या डब्यामागे ठेवलं. मला वाटत होतं, त्यांना काही माहीतच नाही म्हणून ते गप्प आहेत, आणि तुला हे सांगायचं तर माझं खोटं आधी त्यांना सांगावं लागेल. आज सांगेन, उद्या सांगेन म्हणता म्हणता आठ वर्षं गेली. तुला घरापासून तोडलं ते मी, विल्मार. स्टेशनवाल्यांनी नाही आणि बाबांनीही नाही.

गेल्या रविवारी आपण हरलो. घरी येऊन मी बुचं मांडली आणि सांगायला लागले. तोच गोल रे, जवळजवळ तसाच. या वेळी मी जसं पाहिलं तसं सांगितलं: "डावीकडचा वर राहिला. पंचाशी हुज्जत घालत कमरेवर हात ठेवून उभा होता." बाबांनी बोटांनी चाचपून डावं बूच शोधलं, वर सरकवलं आणि म्हणाले, "आपल्या विल्मारसारखा." म्हटलं, "तुला कुणी सांगितलं?" म्हणाले, "तूच." "मी तर सांगितलं होतं, तेचेरा घसरला." "हो ना. तीन आठवडे पाऊस नव्हता, निबिया. माझ्या दातांत धूळ कचकचत होती. त्या मैदानात बकरीसुद्धा घसरली नसती. आणि अकरा जणांत तू कुणासाठी खोटं बोलशील, हे कळायला डोळे कशाला हवेत?"

मी खाटेच्या कडेवर बसून रडले, मग चिडले. "मग बोलला का नाहीस पोराला?" त्यांनी श्वास गोळा केला. म्हणाले, "त्याला बोललो असतो तर तू खोटं सांगितलंस हे सगळ्यांना कळलं असतं. पुढच्या रविवारी तुझ्या शब्दावर कोण खेळलं असतं? मला तेवढेच डोळे होते. आणि वाटलं, तो स्वतः येऊन सांगेल. वाट बघितली मी." तू त्यांच्या ओरडण्याची वाट बघत होतास, ते तुझ्या सांगण्याची, आणि मी दोघांना वाढत होते. मग मी डब्यामागून तुझं पत्र काढलं आणि वाचून दाखवलं. ते वाक्य त्यांनी दोनदा वाचायला लावलं. नंतर भिंतीकडे तोंड करून पडून राहिले, जेवलेही नाहीत. काल मी तेचेरालाही सगळं सांगितलं. तो म्हणाला, "निबियाबाई, माझ्या नावावर याहून मोठी पापं आहेत," आणि पेला पुढे केला.

माफी मागायला हे पत्र लिहिते आहे, हे खरंच. पण सोमवारी सकाळी डोळा उघडल्या उघडल्या बाबा म्हणाले, "लिही त्याला. म्हणावं, तुझं एक ओरडणं माझ्याकडे राहिलंय, ते घ्यायला ये. पत्रातून पाठवता येत नाही." तेव्हापासून तयारी चालू आहे. दुपारी मला वाटतं झोपलेत, आणि खोलीतून आवाज येतो: "गाढवा, शिट्टी वाजली होती का? मग कमरेवर हात ठेवून कुणाची वरात बघत होतास?" मध्येच दम संपतो, थांबतात, पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात. अजून शेवटापर्यंत एकदाही पोचलेले नाहीत. अंगणातल्या संत्र्याला कळ्या धरायला लागल्यात, म्हणून घाई कर. डावं बूच त्यांनी पाटावरून उचलून मुठीत ठेवलंय, तेचेराला त्या जागी बटण ठेवून शिकवतात. आणि आत्ता मी काय लिहिते ते विचारलं, सांगितलं, तर म्हणाले, "कोट आणायला सांग. सप्टेंबरात इथे थंडी असते."

तुझीच,
या वेळी जे पाहिलं तेच लिहिणारी,
आई