निर्वंश झालेल्याचा आत्याला दंडवत

ती. अम्माका आत्याच्या पायांशी, ब्रिटनच्या उत्तर टोकाला थंडीने बधिर झालेल्या हालदावोचं डोकं. तुझे गुडघे, तुझी गुरं आणि तुझा राग, तिन्ही ठणठणीत असतील. आम्ही इकडे बरे आहोत (म्हणजे आठवड्यातून एकदा ऊन दिसतं).

पत्रास कारण, पंचवीस वर्षांची रोमी फौजेतली चाकरी संपली आणि आता नागरिकत्वाचा ताम्रपट मिळायचाय. तो मिळाला की मी रोमचा नागरिक, ब्रिका माझी कायद्याने बायको आणि पोरंही कायद्याने आमची. काल छावणीच्या कारकुनाने माझी माहिती लिहायला घेतली. (हा नेर्वी जमातीचा, म्हणजे आपल्या शेजारचाच, तोंड मात्र सासऱ्यासारखं.) त्याने जमात विचारली. हजेरीपटावर मी पंचवीस वर्षं तुंग्री आहे, तेव्हा गपगुमान तेच सांगायचं. पण फौजेत निघताना तू मला यूच्या त्या सदाहरित झाडाखाली उभं करून शपथ घातलीस ना, की शेवटच्या कागदावर तरी खरं सांग, आपण यू झाडाची माणसं, एबुरोनी. तुंग्री हे मागाहून चिकटवलेलं नाव. (बाजारात लोकर विकताना तूच 'अस्सल तुंग्री माल' म्हणून ओरडतेस, ते मी काढत नाही.) तर म्हटलं, एबुरोनी.

कारकुनाने लेखणी खाली ठेवली. म्हणाला, "ते मेले. दीडशे वर्षं झाली. खुद्द रोमी सेनापतीने लिहून ठेवलंय, त्यांचा निर्वंश केला म्हणून." मी म्हटलं, मग हा तुमच्यासमोर उभा आहे तो कोण? तर म्हणे, "ते तुझं तू बघ. मेलेल्याला नागरिकत्व द्यायची सोय नाही." नेर्वीही संपल्यातच जमा, असं त्याच सेनापतीने लिहिलंय, याची मी त्याला आठवण करून दिली. त्यावर थंडपणे म्हणाला, आमचे पाचशे उरल्याची नोंद आहे, आमचं कागदोपत्री भागतं.

घरी आलो तर ब्रिकाने वेगळंच काढलं. तिच्या माहेरी कुणी शब्द गिळत नाही. म्हणाली, नवरा दीडशे वर्षांपूर्वी वारला असेल तर ही चार पोरं कुणाची ते आत्याबाईंनाच विचारा, आणि विधवेला दुसरं लग्न करता येतं, लोहार चांगला माणूस आहे. थट्टाच करत होती, पण पोरांकडे बघता बघता तिचे डोळे भरले. आत्या, माझा हट्ट मला परवडेल, पोरांना नाही परवडणार. हात जोडून मागतो, मला शपथेतून मोकळं कर.

तुझा हालदावो

ता. क. हे पत्र समुद्र ओलांडून तुझ्यापर्यंत यायला दोन महिने, आणि माहिती रोमला उद्या रवाना होते. म्हणून आज सकाळीच तुंग्री सांगून आलो. मोकळं कर म्हणजे शिव्या जरा बेताने घाल. (पत्र वाचून दाखवणाऱ्या कुंभारदादा, एवढं वाक्य लांब उभं राहून वाचा, तिच्या हाताशी काठी असते.)

आणखी एक. तुंग्री लिहून झाल्यावर कारकुनाने पोरांची नावं विचारली. धाकटी तीन महिन्यांची, तिचं नाव ठेवायचं राहिलं होतं. मी म्हटलं, एबुरा. त्याचा हात थांबला. मग लेखणी पुन्हा शाईत बुडवून त्याने ते ठळक अक्षरांत लिहिलं. पोरीला थंडी फार बाधते, तुझी जुनी दुलई तेवढी पाठव. या ताम्रपटांची मूळ प्रत म्हणे रोममध्ये भिंतीवर लावतात, येणाऱ्या-जाणाऱ्याने वाचावी म्हणून. त्या सेनापतीच्याच गावात.