पेडलं काढलेली सायकल

रुद्रेश,

हे पत्र पाठवणार नाही, म्हणून नीट लिहिते.

गौरवीच्या सायकलची बाजूची चाकं आज काढली. पेडलंही काढली. पायांनी ढकलत गेलं की आधी तोल येतो आणि मागून धरायला कुणी लागत नाही. तू घर सोडल्यापासून मी अशाच पद्धती शोधते.

"इंजिनेर बाय, आता हँडल पण काढ गे!" शेजारचे गोकुळदासकाका हसले.

संध्याकाळी पेडलं परत लावली. मयेच्या तळ्याकाठी गौरवी एकटी लांबवर जाऊन वळून आली.

उतरून म्हणाली, "आई, आता मागून धर."

"तुला येतंय ना?"

"येतंय म्हणून काय झालं? धर गे!"

मी धरलं.

जाताना तू म्हणालास, "तुला एकटीला सगळं जमतं." तेव्हा मला गौरवीचं हे उत्तर सुचलं नव्हतं.

सुविधा