पाणी सोडा

प्रिय कारभारी,

आधी हातातली ती चष्म्याची काडी खाली ठेव आणि गिऱ्हाइकाला जरा बसायला सांग. टाकीचं दुखणं सापडलं. फोन करूनच सांगणार होते, पण तू हल्ली ‘दुकानात गर्दी आहे’ म्हणतोस आणि ठेवून देतोस. भावाच्या चष्म्याच्या दुकानात अशी काय रोज गर्दी उसळते रे, सगळ्यांचे डोळे एकदमच बिघडले का? पत्र तसं मध्येच तोडता येत नाही, म्हणून पत्र.

तर ऐक. काल दुपारी मी आपला खेळ कॉम्प्युटरवर लावून आईपुढे ठेवला. शनिवारी प्रदर्शन आहे हे तू विसरला नसशील. खेळ विकत घेणाऱ्या त्या बाई पुन्हा बघायला येणार आहेत, आणि या वेळीही खेळातली वस्ती तहानेने मेली तर परत येणार नाही, असं त्यांनी फार गोड शब्दांत कळवलंय. म्हणजे मग ही खोली सोडायची, आणि मी पुन्हा त्या विमा कंपनीत जाऊन हप्त्यांचे प्रोग्रॅम लिहीत बसायचं. दोन महिने एकटीने डोकं फोडून घेतलं. पाइप तपासले, गळती तपासली, बाष्पीभवन बंद करून पाहिलं, तळघरातला पंपच काढून टाकला. ढिम्म फरक नाही. शेवटी म्हटलं, जिने जन्मात असा खेळ खेळला नाही तिलाच बसवून बघू.

आई तर सुटलीच. बघता बघता घुमट उभारला, शेत लावलं, आणि वस्तीतल्या तुझ्या लाडक्या सुस्त्याला झोपेतून उठवून कामाला जुंपलं. तो तुझ्या-माझ्याने कधी हलला होता का? आईला कसं जमलं विचारू नकोस, मलाही लहानपणी असंच उठवायची. मग नेहमीचा प्रकार सुरू झाला. टाकी पाव भागावर आली, लाल दिवा लागला, आईने बटण शोधलं, ‘पाणी सोडा’ वाचलं आणि दाबलं. होतं नव्हतं तेवढं पाणी भस्सकन तळघरात. तिकडे लोक गुडघाभर पाण्यात उभे, आणि घशाला कोरड पडून एकेक जण आडवा होतोय. सुस्त्या पहिला गेला, नेहमीप्रमाणे.

आई म्हणाली, अगं मी पाणी सोडलं तरी टाकी रिकामी कशी झाली. मी जरा शहाणपणाच्या सुरातच सांगितलं की सोडलंस म्हणूनच रिकामी झाली. त्यावर तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा तिसरीत गेले. म्हणाली, नळाला पाणी सोडतात तेव्हा नळ कोरडा होतो का? बागेला पाणी सोडलं म्हणून बाग वाळते का? मी तशीच उठले आणि त्या बटणाची जोडणी उघडून बघितली.

कळलं का तुला? आपण कामं वाटून घेतली होती. माणसं आणि पडद्यावरचे सगळे शब्द तुझे, टाक्या आणि व्हॉल्व्ह माझे. तू ‘पाणी सोडा’ लिहिलंस ते टाकीला पाणी सोडा म्हणून. मी वाचलं ते टाकीतलं पाणी सोडा म्हणून, आणि ते बटण बिनधास्त खालच्या व्हॉल्व्हला जोडून मोकळी झाले. तुझी माणसं बिचारी शहाण्यासारखी वागत होती. टाकी खाली गेली की धावत जाऊन भरायला बघायची, आणि माझा व्हॉल्व्ह तेवढ्याच इमानाने उरलेलं ओतून द्यायचा. म्हणजे वस्तीला जितकी तहान जास्त, तितकी टाकी लवकर रिकामी. तू इथे होतास तेव्हा मी नेहमी भरलेल्या टाकीवर चाचणी घ्यायचे, त्यामुळे माझ्याकडे सगळं सुरळीत. तू रिकाम्या टाकीपासून सुरू करायचास, त्यामुळे तुझ्याकडे थेंब यायचा नाही. तू म्हणायचास माझा व्हॉल्व्ह गळका, मी म्हणायचे तुझी माणसं बिनडोक. दोघेही घसा फोडून आपापल्या पडद्यावर दिसलं तेच सांगत होतो. इतकं हसू आलं मला की आईने पाण्याचा पेला आणून दिला, आणि तो पाहून आणखी हसू आलं.

आणि आपली भाषा तरी काय आहे बघ. भरलं तरी पाणी सोडलं, ओतलं तरी पाणी सोडलं. तिसरा अर्थ तू दाखवलास, सगळ्यावर पाणी सोडून भावाकडे निघून गेलास. रागावू नकोस, विनोद आहे. अर्धा.

मी लगेच दोन बटणं केली. मला शब्द सुचत नाहीत हे तुला माहीत आहे, म्हणून सध्या ‘आत’ आणि ‘बाहेर’ लिहिलंय. दवाखान्याच्या दारावरच्या पाट्यांसारखं दिसतं, पण चालतं. चालतं म्हणजे काय, धावतं! कालपासून वस्ती सुरू आहे आणि एकही माणूस दगावला नाही. घुमटात पहिलं पीक आलं. आपण आजवर ते पाहिलंच नव्हतं रे, तिथवर कुणी जगायचंच नाही. तू पिकाला काय रंग देऊन ठेवलायस, मला पत्ताच नव्हता. आईने खुर्ची सोडायला नकार दिलाय, जेवण ताटात वाढून तिथेच द्यावं लागतं. खालच्या झेरॉक्सवाल्याला वर बोलावून दाखवलं, तर तो मेला म्हणतो, छान आहे, पण कारभारी कुठे आहेत? वस्तीच्या मुख्याला तू कारभारी नाव दिलंस, वर स्वतःच तो झालास, आणि बायका नवऱ्याला कारभारी म्हणतात हे लोकांनी मला ऐकवायचं. पूर्वी मी त्याला झापायचे. काल झापायचं राहूनच गेलं.

बाकी बातमी काही नाही. खोलीतला पंखा अजून खडखडतो. माझ्या चष्म्याचा नंबर वाढलाय, डोकं दुखतं, पण इथल्या दुकानात जाऊन नवा करून घ्यावासा वाटत नाही.

बटणांना नावं द्यायला ये, शनिवारच्या आधी ये, बाईंना पीक दोघांनी मिळून दाखवू, हे सगळं लिहिणारच होते आणि ते खरंही आहे. पण हे पत्र त्यासाठी नाही. टाकीवरून भांडून तू निघालास, तेव्हा दारात चपला घालताना म्हणालास, येतो. आपल्याकडे जाणारा माणूस येतो असंच म्हणतो, जातो कुणी म्हणत नाही, एवढं मलाही कळतं. तरी मी दोन महिने जिन्यावर पाय वाजला की हातातलं काम थांबवते. कालपासून मात्र ठरवलंय की शब्दाचा अर्थ मनाने धरून बसायचं नाही, सरळ विचारायचं. म्हणून विचारते, तू ‘येतो’ म्हणालास ते कुठल्या अर्थाने? सगळे म्हणतात तसं असेल तर तसं कळव, शनिवार मी आणि आई निभावून नेऊ. पण खरंच येणार म्हणून म्हणाला असशील, तर फार उशीर केलायस, आता निघ. आणि खाली सहीच्या वर जो शब्द लिहितेय तो तुला याआधी कधी लिहिला नव्हता. तो नीट वाच, त्याला एकच अर्थ आहे.

तुझीच,
प्लंबरबाई