बाप जिवंत, विहिरी अनाथ

प्रिय वेंडेल,

तुझा फोटो मिळाला. संत्र्याच्या झाडाखाली अर्ध्या विजारीत उभा आहेस, पोटही चांगलं सुटलंय. फ्लोरिडा मानवलं म्हणायचं तुला. फोटो भिंतीवर लावायला मी खिळा हातात घेतला होता, पण ठोकवेना. सध्या तो ड्रॉवरमध्ये पालथा पडलाय. का, ते सांगते. पण सगळं वाच. लहानपणी माझी बोलणी ऐकताना कानात बोटं घालून बसायचास, तसं या पत्राचं करू नकोस.

ऑरिन लिंडक्विस्टची मुलगी जनेल आठवते ना? आपल्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची. ‘वाजवायची’ असं लिहिताना जीव तुटतो. थंडीच्या सुरुवातीला ती तळघरात कपडे धुवायला उतरली. पाणी तापवायच्या टाकीखालची ज्योत विझली होती म्हणून तिने काडी ओढली आणि सगळं तळघर भडकलं. जमिनीतून झिरपलेला वायू साठला होता. त्याला वास येत नाही, हे तुला मी काय सांगायचं! ऑरिनने तिला ओढून बाहेर काढलं, बर्फात लोळवलं, म्हणून पोर जगली. चेहरा वाचला, हात गेले. बोटं अशी आखडलीत की चमचासुद्धा मुठीत धरावा लागतो. रविवारी ती पहिल्या बाकावर बसते, आम्ही साथीशिवाय बेसूर गातो आणि ती मान हलवून आम्हाला ताल देते. वेंडेल, ते बघवत नाही रे.

वायू कुठून आला याचा शोध घ्यायची गरजच पडली नाही. लिंडक्विस्टांच्या कुरणाच्या कडेला ती जुनी तेलविहीर आहे ना, नळी गंजून चाळण झालेली, जिच्याभोवती गवत उगवत नाही, तीच. बाबांनी खोदलेली, तू चालवलेली. तेल आटलं की विहीर तळापासून सिमेंटने बुजवायची, हा कायदाही होता आणि माणुसकीही. तू काय केलंस? टेकडीवरच्या सगळ्या विहिरी एका नव्या कंपनीला विकून मोकळा झालास, आणि कंपनी बघता बघता बुडाली. गाव हळहळलं, बिचाऱ्या वेंडेलला गिऱ्हाईक ठक भेटलं म्हणून. मीही हळहळले असते. पण त्या वर्षी थँक्सगिव्हिंगला टर्की कापता कापता तूच मला म्हणालास, “अगं लव्हॉन, कंपनी कसली, परराज्यातली एक टपालपेटी आहे ती. किल्ली माझ्याच खिशात!” आणि खो खो हसलास. मला तेव्हा त्यातलं काही उमगलं नाही. तुझा काहीतरी चावटपणा, एवढंच वाटलं. जनेलचे हात बघितले आणि तो विनोद मला कळला: बुजवायचा खर्च चुकवायला विहिरी तू स्वतःलाच विकल्या होत्यास.

मग वसंतात वॉशिंग्टनहून सरकारी पैसा सुटला, सोडून दिलेल्या विहिरी बुजवायला. राज्याच्या तेल-वायू खात्याकडून तेरेसा बालिंट नावाची बाई आली. आगीच्या बंबवाल्यांच्या हॉलमध्ये सभा झाली, सारं खोरं लोटलं. बाई सरळ होती, नीट समजावून सांगत होती. ज्या विहिरीला मालक उरलेला नाही, ती अनाथ. अनाथ विहीर जनतेच्या पैशातून बुजवता येते, तीही याच उन्हाळ्यात. पण मालक हयात असेल तर आधी त्याच्यामागे लागायचं, मग वकील, कोर्ट, अपील. त्यात किती वर्षं जातील ते सांगता येत नाही. एवढं बोलून तिने विचारलं, “या विहिरींचा कुणी मालक ठाऊक आहे का?” माझ्या अंगाची लाही लाही झाली. अनाथ म्हणे! बाप फ्लोरिडात संत्री सोलतोय आणि पोरं अनाथ! क्लिफ मॅटर्नची जीभ तुला ठाऊकच आहे. तो मागून ओरडला, “लव्हॉनच्या भावाला विचारा की! बघू, स्वतःची पोरं ओळखतो का!” सगळे हसले. एकटा ऑरिन हसला नाही. मी उठायला लागले तसा तो माझ्याजवळ आला आणि खालच्या आवाजात म्हणाला, “तुला काय माहीत असेल ते मला सांगू नकोस. मला फक्त ती विहीर बुजलेली बघायचीय. पोर घरात झोपते माझी.” मी बसले खाली. पण जनतेचा पैसा म्हणजे कुणाचा रे? ऑरिनचाच. जनेल नोकरी करत होती तेव्हा तिच्या पगारातून कापलेला. हात जिचे भाजले, सिमेंटही तिनेच विकत घ्यायचं, आणि ज्याने भाजले त्याने मासे धरत बसायचं!

तरी मी एवढ्यावर गप्प राहिले असते. विहीर बुजते आहे ना, मग देव बघून घेईल, अशी स्वतःची समजूत घातली होती. पण जूनमध्ये कंत्राटदाराच्या गाड्या माझ्या दारावरून वर गेल्या आणि मी हातातलं घमेलं टाकून रस्त्यावर आले. प्रत्येक गाडीवर निळ्या अक्षरांत लिहिलेलं होतं, ‘अडेलिया वेल सर्व्हिस’. अडेलिया! हे नाव या खोऱ्यात आपल्या आईखेरीज कुणाचं होतं? मी वर चढून मुकादमाला गाठलं. “कुणाची कंपनी रे ही?” तो म्हणाला, “एक म्हातारबा आहेत, फ्लोरिडात असतात. पगार एक दिवस चुकवत नाहीत. देवमाणूस!” मी तिथेच दगडावर बसले. विहिरी टाकून पळालास तेव्हा एकदा पैसा वाचवलास, आता त्याच विहिरी बुजवून दुसऱ्यांदा कमावणार. घर फोडणाऱ्यानेच कुलूप बसवायचं कंत्राट घ्यायचं! आणि वर आईचं नाव! आपल्या नळीतलं तेल लिंडक्विस्टांच्या ओढ्यात ओघळलं होतं, तेव्हा ती स्वतः गुडघाभर गार पाण्यात उतरली होती. पेंढ्याने तवंग टिपत होती. बाबा ओरडत होते, “मजूर पाठवतो, तू बाहेर ये,” आणि ती म्हणत होती, “घाण आपली आहे, मजुरांची नाही.” तिचं नाव तुला आठवलं, वेंडेल, आणि ती आठवली नाही?

त्याच दिवशी बालिंटबाईंना फोन करायला माझे हात शिवशिवत होते. पण काम थांबलं असतं, आणि ती विहीर ऑरिनच्या कुशीला तशीच धुमसत राहिली असती. म्हणून दात ओठ खाऊन वाट पाहिली. तुझ्या माणसांनी काम चोख केलं, त्यांना नावं ठेवणार नाही. आतली सडकी नळी, दगड, कुणी कधी कोंबलेले ओंडके, सगळं उपसून तळापासून वरपर्यंत सिमेंट भरलं. बालिंटबाईंनी यंत्र लावून पाहिलं. काटा हलला नाही. तळघरातही हलला नाही. ऑरिनने टोपी काढली आणि पाठ फिरवून उभा राहिला. मग मी बाईंना म्हटलं, “माझ्याकडे कॉफीला चला.” आणि टपालपेटी, किल्ली, टर्की, आईचं नाव, सगळं त्यांच्यापुढे ओतलं. कॉफी तशीच राहिली. त्या म्हणाल्या, “हे शपथेवर सांगाल?” मी म्हटलं, “आत्ता, या टेबलावर.” त्यांनी विचारलं, “भाऊ आहे ना तुमचा?” “म्हणून तर मला माहीत आहे!”

तर हे पत्र त्यासाठी. नोटीस तुला येईलच. पण तुझ्याविरुद्ध कोण बोललं हे तुला वकिलाकडून कळू नये, माझ्याकडूनच कळावं. तुझं बिल थांबवलंय. मजुरांचा पगार तू तुझ्या खिशातून देशील, आणि टेकडीवरच्या उरलेल्या विहिरीही स्वतःच्या पैशाने बुजवशील. तिथला बंगला विकावा लागला तर विक. नाही म्हणालास तर मी साक्षीला उभी राहीन आणि तुझ्या डोळ्यांत बघून एकेक शब्द बोलेन. सप्टेंबरात सुनावणी आहे. हॉटेलात उतरू नकोस, लोक बघतील आणि मलाही ते सोसणार नाही. तुझी खोली झाडून ठेवते. रात्री सोबत जेवू आणि सकाळी माझ्याच गाडीतून कोर्टात जाऊ. कोर्टातून परत येताना तू माझ्याशी बोलला नाहीस तरी चालेल, पण येताना बस माझ्याच गाडीत.

तुझीच धाकटी,
लव्हॉन