ठसके शून्य

सोमवार, ३ तारीख.
आजपासून ठमीचं जेवण माझ्याकडे. ही, म्हणजे ठमीची आई, जिन्यावरून घसरली, उजवा हात तीन आठवडे प्लास्टरमध्ये. तेवढी रजा टाकली. ठमी सहा वर्षांची, वजन अकरा किलो. जन्मापासून स्नायू तिचं ऐकत नाहीत, त्यामुळे एकेक घास गिळायचा म्हणजे नाकी नऊ. डॉक्टर म्हणतात, आता पोटात नळी बसवू, दूध थेट आत. मी म्हटलं, तीन आठवडे द्या, एक किलो वाढवून दाखवतो.
फॅक्टरीत बाटल्या भरायची लाइन मी सांभाळतो. मिनिटाला नव्वद. एक तोंड भरणं म्हणजे हातचा मळ.

मंगळवार, ४.
नाश्त्याला एक तास दहा मिनिटं. अर्धी वाटी केळ्याची पेस्ट. त्यातली निम्मी लाळेऱ्यावर, थोडी माझ्या चष्म्यावर. ठसके चौदा.
ही शेजारी बसून सूचना देत होती. पाठ ताठ ठेवा, हनुवटी जरा खाली, चमचा अर्धाच, एक घोट गिळल्याशिवाय दुसरा नाही. तिला म्हटलं, सुपरवायझर मी आहे.
संकल्प: रोज ठसके मोजायचे. फ्रिजवर तक्ता लावला.

गुरुवार, ६.
ठसके अकरा. पाठ धरली. माझी.
दोष सापडला. डॉक्टरांनी दिलेली, दूध दाट करायची पावडर! दुधाचा नुसता गोंद होतो. लाइनवर असं काही आलं तर नोझल तुंबणारच. पावडर निम्मी केली. हिला विचारलं नाही. विचारलं असतं तर नाही म्हणाली असती, आणि मग तिचं न ऐकल्यासारखं झालं असतं.

शनिवार, ८.
हिला डुलकी लागल्यावर ठमीची खुर्चीही मागे कलती केली. उतार दिला की पाणी आपोआप जातं, एवढं साधं. वाटी पंचवीस मिनिटांत फस्त. ठसके सात.
गिळायला शिकवणाऱ्या थेरपिस्ट बाईंचा फोन. म्हटलं, ठसके निम्म्यावर आणलेत. पावडरीचं सांगायचं राहून गेलं. येऊन बघते म्हणाल्या. म्हटलं, घाई नाही, तुम्हाला बाकीची मुलं असतील.

बुधवार, १२.
पावडर बंद. ठसके दोन. जेवण झालं की ठमीच्या गळ्यातून गुरगुर असा आवाज येतो. तृप्तीचा. ही म्हणाली, हा आवाज तिचा नाही, सहा वर्षांत कधी ऐकला नाही. मी म्हटलं, सहा वर्षांत ती तृप्त तरी कधी झाली होती?
ही उठून आत गेली. बोललो ते चुकलंच. सहा वर्षं दिवसातले पाच-पाच तास हिनेच भरवलंय. उद्या माफी मागायची.

गुरुवार, १३.
माफी राहिली. कारण, ठसके शून्य!! तक्त्यावर लाल पेनने लिहून खाली दोन रेघा मारल्या. फोटो काढून ऑफिसच्या ग्रुपवर टाकला. साहेबांनी अंगठा पाठवला.

शनिवार, १५.
शून्य, सलग तिसरा दिवस. ठमीला जरा कणकण आहे. हवा बदललीये. जेवताना डोळे मिटून घेते.
वजन केलं. तिला कडेवर घेऊन काट्यावर उभा राहिलो, माझं वजा केलं. अकरा किलो चारशे! मागाहून आठवलं, खिशात फोन आणि किल्ल्यांचा जुडगा होता. तरी शंभर ग्रॅम तिचे असणारच.

रविवार, १६. दुपार.
ताप एकशे तीन. दात येत असतील. ही म्हणाली, सहाव्या वर्षी? मी म्हटलं, दाढा. श्वास फार भरभर चाललाय. ओठ निळसर दिसतात, पण पडदे निळे आहेत आमचे.
हिने एका हाताने तिला उचललं आणि टॅक्सी बोलवा म्हणाली. आवाज असा होता की मी बोलावली.

सोमवार, १७. हॉस्पिटल.
न्यूमोनिया. दोन्ही बाजूंना. ऑक्सिजन लावलाय.
थेरपिस्ट बाई आल्या. मी फोनमधला तक्ता दाखवला. पहिल्या चौदापासून शेवटच्या शून्यापर्यंत त्यांनी तो वाचला. मग आवाज न चढवता सांगितलं की, ठसका म्हणजे चुकीच्या वाटेने गेलेलं बाहेर फेकायची धडपड. ती थांबली म्हणजे घास नीट जायला लागला असं नव्हे. पोरगी दमली. त्यानंतरचं बरंचसं दूध छातीत गेलं, आवाज न करता. ती गुरगुर त्याचीच.
पातळ दूध तिला आवरत नाही म्हणून दिलेली पावडर किती घालत होतात, विचारलं. ही माझ्याकडे बघत होती. सांगितलं. ही खुर्ची उचलून पलंगाच्या पलीकडच्या बाजूला नेऊन बसली.
मला भीती वाटते. दुसरं काही लिहिता येत नाही.

सोमवार, २४.
माझे तीन आठवडे संपले. ताप उतरला. सध्या नाकातून नळी, छाती साफ झाली की पोटात बसवणार. फॉर्मवर सही हिने केली, डाव्या हाताने. वजन आठवड्यात तीनशे ग्रॅम वाढलं. नर्सने मोजलं, मी काट्याच्या जवळही नव्हतो.
संध्याकाळी पापा घ्यायला वाकलो. ठमीने मला पाहिलं, मान वळेल तेवढी वळवली आणि ओठ घट्ट मिटून घेतले. ओठांवर तिचा ताबा नाही, असं डॉक्टर आजवर सांगत आले.
दोन्ही हात उघडून दाखवले तिला. बघ ठमे, काही नाही आणलेलं. तरी मिटलेलेच.