नावं झाकायचं काम

कोल्हापूर,
घटस्थापनेच्या आदल्या दिवशी

प्रिय स्नेहल,

तुझं पत्र पोचून पंधरा दिवस झाले. चार वेळा उत्तर लिहायला बसलो आणि चारही वेळा चष्मा काढून ठेवून दिला. तू लिहिलंयस, आबांचं डोकं २०२१ च्या पुरातच गेलं असणार, नाहीतर आज्याच्या कागदांचं दप्तर खाली सोडून ते वर आले नसते. आपण तेव्हाच ओळखायला हवं होतं, असंही लिहिलंयस. पोरी, तसं नव्हतं. तुझ्या आबांचं, माझ्या केरबाचं डोकं शेवटच्या दिवसापर्यंत माझ्यापेक्षा चांगलं चालत होतं. गेल्या चैत्रात दवाखान्यात मी डबा घेऊन गेलो, तर आमटीत मीठ कमी आहे हे त्यानं सांगितलं, आणि हे तुझ्या सुगराचाचीला सांगू नको, हेही. (तुझ्यापुढं त्याला अरे-तुरे करतोय. सवय जात नाही.)

आमची ओळख मोडीच्या वर्गातली. मी सातवी नापास बाइंडर, तो तुमच्या गावच्या दूध संस्थेचा सेक्रेटरी. दिवसभर जुनी बाडं शिवायची आणि आत काय लिहिलंय ते कळायचं नाही, या चिडीनं मी गेलो होतो. तो आला होता त्याच्या आज्यासाठी. आजा पाटकरी, ओढ्यावरच्या बंधाऱ्याचं पाणी कुणाच्या रानात किती वेळ सोडायचं ते त्याच्या हातात. त्या पाळ्या त्यानं वर्षानुवर्षं मोडीत लिहून ठेवलेल्या. घरच्याच माणसाचं अक्षर घरात कुणाला वाचता येऊ नये, याची केरबाला लाज वाटायची. गुरुजी एकदा शिकवायचे. मला न कळलेलं केरबा एसटीची वाट बघता बघता परत शिकवायचा. मला जे दोन शब्द येतात ते त्याचे आहेत.

पुढं अंक शिवायला म्हणून मी इतिहासाच्या त्रैमासिकाच्या कचेरीत गेलो आणि तिथलाच होऊन बसलो. माझं काम काय ते तुला कधी नीट सांगितलं नाही; ते सांगायचं नसतंच. लेख आला की मी त्याला नंबर देतो. मग लेखकाचं नाव, गाव, आभार, ‘माझ्या मागच्या लेखात’ असलं काही असेल तर तेही, सगळं काढून टाकतो आणि लेख दोन परीक्षकांकडे जातो. लेख कुणाचा हे परीक्षकाला कळू नये आणि तपासला कुणी हे लेखकाला. दोघांचं पटलं नाही तर तिसरा. मग संपादक मंडळ बसतं. वर्षाला साठेक लेख येतात, त्यातले पंधरा-सोळा छापतात. दोन्हीकडची नावं ठाऊक असलेला माणूस संपादकांनंतर मीच. एका सरांनी न कळता आपल्याच व्याह्यांचा लेख नापास केला आणि महिन्याभरात दोघं एका पंगतीला जेवले. मी समोरच्या ओळीत मान खाली घालून लाडू खात होतो. संपादक नव्या माणसाला माझी ओळख करून द्यायचे, की चमनभाईंच्या हातून चूक होत नाही. त्या वाक्यावर मी तीस वर्षं जगलो.

२०१९ च्या पुरात वारणेचं पाणी तुमच्या आळीत शिरलं तेव्हा केरबानं टीव्ही सोडला, जोंधळ्याची पोती सोडली, आणि दप्तर खताच्या पिशवीत घालून डोक्यावर घेऊन कमरेएवढ्या पाण्यातून बाहेर आला. त्या धसक्यानंच पुढच्या जानेवारीत त्यानं लेख लिहून काढला. दुष्काळात पाण्याच्या पाळ्या कशा बदलल्या, कुणी आपली पाळी कुणाला दिली, विधवेच्या रानाला आधी पाणी सोडायचं हे गावानं कसं ठरवलं. मी वाचला आणि मला भरून आलं. आणि तिथंच मी घसरलो.

लेखात एक तळटीप होती. हे कागद आमच्या घरी आहेत, आज्यानं लिहिलेले आहेत, ज्याला बघायचे असतील त्यानं खुशाल यावं. खाली गाव, आळी, घराची खूण. दुसऱ्या कुणाचा लेख असता तर मी तिथं ‘खासगी संग्रह’ असं लिहून पुढं गेलो असतो, नेहमी तसंच करतो. पण हा माझ्या दोस्ताचा लेख. चमननं खूण राहू दिली, असं कुणी म्हणायला नको, म्हणून मी अख्खी तळटीप काढून टाकली.

लॉकडाऊनमुळं अभिप्राय यायला दिवाळी उलटली. नापास. कागद कुठले, कुणाकडचे याचा कुठेही उल्लेख नाही, अशा कागदांवर विसंबता येत नाही, असं परीक्षकानं लिहिलेलं. नकाराच्या पत्रात ते वाक्य मीच टाइप केलं, आणि तेव्हाही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

तो पडला फेब्रुवारीत, स्टँडसमोर चहा पिताना. केरबा चिडला नव्हता. कपाकडं बघत म्हणाला, “चमन, मी लिवलंतं की. आमच्या घरात हायत, या आनि बघा म्हनून. आमचं घर म्हंजे पत्ता न्हाय व्हय?”

त्याला वाटत होतं, परीक्षकानं ती तळटीप वाचली. वाचूनही त्याचं घर मोजलं नाही. तळटीप मी काढली, हे एका वाक्यात सांगता आलं असतं. मी आणखी दोन चहा सांगितले.

त्या दिवसापासून त्यानं मोडी हातात धरली नाही. पाडव्याला सांगू, लेख परत घालू, असं मी रोज स्वतःला बजावत राहिलो. २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी आलं. या खेपेला त्यानं म्हशी काढल्या, शेजारच्या चिमणाबाईंची औषधं काढली, मिक्सरसुद्धा काढला. छावणीत मी विचारलं, दप्तर कुठाय? म्हणाला, “ऱ्हाऊ दे की. ते कागद कुठलंच न्हाईत.”

पाणी उतरल्यावर तो लगदा मी घरी आणला. बाइंडर माणूस, टीपकागद घालून एकेक पान सुटं केलं. पानं निघाली गं. काजळाची शाई, अक्षर सगळं धुऊन गेलेलं. त्याच आठवड्यात तू दप्तरावरून फोनवर त्याला बोललीस आणि पुढं दोन वर्षं गावाकडं फिरकली नाहीस. तो तुझ्याबद्दल एक शब्द वावगा बोलला नाही. मीही बोललो नाही, पण माझं न बोलणं वेगळं होतं.

गेल्या सोमवारी संपादकांना सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. कागद आता कुठं आहेत एवढंच विचारलं. दिवाळीच्या अंकात माझ्या सहीनं चार ओळी येतील, की केरबानं मूळ कागदांचा पत्ता दिला होता आणि तो कचेरीत माझ्या हातून काढला गेला. सव्वीस वर्षं त्यानं हा अंक वर्गणी भरून घेतला. त्याचं नाव त्यात पहिल्यांदा छापून येणार ते माझ्या कबुलीत. अंक तुझ्याकडं येईल तेव्हा तुला हे तिथं वाचायला लागू नये, म्हणून आधी लिहिलं. तुझ्या आबांनी कागद विसरून सोडले नाहीत, स्नेहल. शुद्धीत सोडले, आणि तसे सोडायला मी लावलं. तू त्याच्यावर धरलेला अबोला माझ्या वाट्याचा होता. आता तो माझ्यावर धर. मी उत्तर मागणार नाही.

तुझाच,
चमनचाचा