सीडीतला अधिक महिना

४ ऑक्टोबर, सोमवार ॥ श्री ॥
ऑपरेशनला दसऱ्यानंतरची तारीख मिळाली. यांचं स्वरयंत्र पूर्ण काढणार. डॉ. शांतपणे म्हणाले, "काकू, जीव ठेवायचा तर आवाज सोडावा लागेल." थोडासा तरी राहील का, विचारलं. नाही म्हणून मान हलवली.
विरारला उतरलो. रिक्षात बसल्यावर हे म्हणाले, "इतकी वर्षं तुझ्यापुढे बोलता येत नव्हतंच, आता डॉक्टरांचा दाखला मिळेल." म्हणाले म्हणजे काय, अर्धा आवाज आणि अर्धा वारा. चंदनसारचा नाका येईपर्यंत हसू दाबत होते. जिना चढताना रडू आलं.
कॉम्प.मध्ये यांचा आवाज आहे, हीच एक...

८ ऑक्टोबर, शुक्रवार ॥ श्री ॥
कॉम्प. टकटक करतो. वर्षाला पुण्याला फोन लावला, रात्रीच्या कमी दरात. ती म्हणाली डिस्क जायला आली आहे, आजच्या आज सगळं सीडीवर घे. म्हटलं पितृपक्ष चालू आहे, नवीन काही करायचं नाही. घटस्थापनेला घेईन.
"आई, डिस्क पितृपक्ष पाळत नाही."
"इतके दिवस चालली, अजून चार दिवस चालेल."
यांनी फोन मागून घेतला. घोगऱ्या आवाजात तिला म्हणाले, "तुझी आई यमालाही मुहूर्त काढून देईल." मग खोकला. फोन ठेवला.

११ ऑक्टोबर, सोमवार ॥ श्री ॥
रेकॉर्डिंगचं फोल्डर बघून घेतलं, काही हलवलं नाही. वर्षाने जाताना हा कॉम्प. इथेच ठेवला. फुकटची सिस्टीम, काळा पडदा, सगळं टाइप करून. मला तिनेच शिकवलं. माझी मांडणी मात्र माझी: बाहेर 'आवाज', त्यात शक, शकात महिना, महिन्यात शुद्ध-वद्य, त्यात तिथी, तिथीत सकाळ-संध्याकाळ, त्यात आरती, स्तोत्र, पोथी. कुठलाही दिवस विचारा, काढून देते. यंदा अधिक श्रावण आला, त्याला श्रावणाच्या आत एक खण जास्त केला. अधिक आणि निज एकात कसे घालणार?
बाकीच्या महिन्यांत सोसायटीच्या मंडळाच्या आरत्या. त्यात यांचा आवाज आहे, पण दहा जणांत. अधिक महिन्याची पोथी तेवढी यांची एकट्याची. रोज सकाळी वाचायचे, मध्ये थांबून वर्षाला अर्थ सांगायचे, ती पुण्यात असून. "वर्षा, हे नीट ऐक बरं." महिना संपता संपता आवाज बसला. आम्ही म्हटलं सर्दी.
कॅसेट एकच वापरली. सकाळी भरायची, दुपारी वायर लावून कॉम्प.वर उतरवायची, दुसऱ्या दिवशी त्यावरच पुन्हा. कशाला तीस कॅसेटी?

१४ ऑक्टोबर, गुरुवार, घटस्थापना ॥ श्री ॥
घट बसवले, मग कॉम्प.ला कुंकू लावलं. आधी अख्ख्या फोल्डरची एकच मोठी फाइल करायची, खणांसकट. इमेज म्हणतात. मग ती सीडीवर. वर्षा 'जाळायची' म्हणते, मला तो शब्द नको, मी 'भरायची' म्हणते. गेल्या वर्षी तिच्या साखरपुड्याच्या फोटोंची केली होती, तेव्हाची ओळ कॅलेंडरच्या पानामागे लिहून ठेवलेली:
mkisofs -o awaj.iso awaj
एक एक अक्षर बघून टाइप केलं. एंटर दाबताना कुलदेवीचं नाव घेतलं. ओळीच ओळी धावल्या. मध्ये एकच ओळ पुन्हा पुन्हा, जपासारखी. डिरेक्टरीज टू डीप, काहीतरी, इग्नोर्ड, कंटिन्यूइंग. म्हणजे चालू आहे. मग टक्के चढत गेले आणि थांबलं. चूक झाली असं कुठे आलं नाही.
सीडी भरली, लगेच लावून बघितली. पाडव्याची आरती स्वच्छ. अधिक श्रावण उघडला, प्रतिपदेपासून अमावास्येपर्यंत सगळ्या तिथ्या ओळीने जागेवर. हात जोडले. गॅसवर भात होता, उठले.

२२ ऑक्टोबर, शुक्रवार, दसरा ॥ श्री ॥
शस्त्रपूजेला विळी, यांचा पाना, आणि सीडी. हे बघून हसले. सोनं देताना काही बोलले नाहीत. बोलणं जपून वापरतात. मी कधी काय जपायला सांगितलं नाही, आणि यांनी हे स्वतःच...

२६ ऑक्टोबर, मंगळवार
ऑ. झालं. सहा तास म्हणे. स्ट्रेचर आत नेताना मी म्हटलं, काहीतरी बोला. यांनी विचारलं, "गॅस बंद केलायस ना?"
हो म्हटलं. तेवढंच.

१० नोव्हेंबर, बुधवार ॥ श्री ॥
घरी आणलं. गळ्याला भोक, तिथून श्वास. पाटी-पेन्सिल आणून ठेवली. पहिलं लिहिलं, "मीठ कमी".
कॉम्प. सुरू होत नाही. खालच्या दुकानातला परब येऊन बघून गेला. "काकू, डिस्क गेली. आत काय महत्त्वाचं होतं का?" म्हटलं नाही, सीडी केलेली आहे. परब म्हणाला, शहाण्या आहात. खरं सांगायचं तर बरं वाटलं.

१३ नोव्हेंबर, शनिवार
वर्षा दिवाळीला आली, ऑफिसचा लॅपटॉप घेऊन. फराळ झाल्यावर यांनी पाटीवर लिहिलं, "अधिकाची पोथी लाव". हे पलंगावर, वर्षा पायाशी.
शुद्ध प्रतिपदा. सकाळ. आत काही नाही.
द्वितीया. काही नाही. एकादशी. पौर्णिमा. वद्यातही नाही. सगळ्या तिथ्या आहेत, प्रत्येकीत सकाळ आहे, आणि आत रिकामं.
वर्षा अमावास्येपर्यंत उघडत गेली. मी म्हणत होते, पुढची बघ, पुढची बघ. यांनी तिच्या हातावर हात ठेवून थांबवलं.

१५ नोव्हेंबर, सोमवार
वर्षाने समजावलं. सीडीचा जुना नियम, ठराविक पायऱ्यांच्या खाली उतरत नाही. इतर महिने नेमके शेवटच्या पायरीवर बसले. अधिकाला मी एक खण जास्त केला, त्याची पोथी त्याच्याही खाली गेली. जे खोल होतं ते सोडून कॉम्प. पुढे गेला, तेच तो पुन्हा पुन्हा सांगत होता. त्या ओळीत इंग्रजी मोठा आर घातला असता तर सगळं आलं असतं.
"फोटोंना लागला नव्हता गं, म्हणून मी सांगितलाच नाही." रडत होती.
मग म्हणाली, "पण एवढे खण कशाला केलेस आई?"
"पंचांगात आहेत तेवढेच केले."
डिस्क रुमालात गुंडाळून पुण्याला घेऊन गेली. वर श्री लिहायचं दोन दिवस राहिलं, ते विसरले म्हणून नाही. हात जात नाही.

१८ नोव्हेंबर, गुरुवार
होळी गावची भाजीवाली खालून ओरडली, "काकी, काकानी आज वरून हाक नाय मारली? दर खेपेला तर म्हनतात, मेथी कवळी हाय का!" मी खाली जाऊन सांगितलं. टोपली उतरवून पायरीवरच बसली. पाणी दिलं. म्हणाली, "मधपानी द्या, येल आवाज." तिला पुन्हा समजावत बसले नाही. मेथीची जुडी जास्तीची टाकून गेली, नको म्हटलं तरी.
वर आले तर हे गॅलरीत उभे होते. ऐकलं असणार.

२८ नोव्हेंबर, रविवार
वर्षाचा फोन. पुण्याच्या माणसाने डिस्क उघडली, आतल्या तबकडीवर ओरखडे. मुंबईत एक आहे, त्याच्याकडे पाठवते म्हणाली. "आई, आशा ठेवू नकोस."
देवासमोर बसले. काय मागायचं ते सुचेना. अधिक मासात दीपदान केलं, अनारसे केले, एकही दिवस चुकवला नाही. पुण्याचा महिना म्हणतात. उठले.

२ डिसेंबर, गुरुवार
माळ्यावरचा डबा काढला, त्यात ती कॅसेट. अधिक संपल्यावर गणपतीत मंडळाच्या भजनाला मीच दिली होती. टेपला लावली. भजन, टाळ, शेजारच्या वहिनींचा वरचा सूर. दोन्ही बाजू. ऐकता ऐकता मटार सोलले.
दुसऱ्या बाजूला भजन संपलं, टेप तशीच फिरत राहिली. खरखर. मग पोथी मिटल्याचा आवाज, आणि हे:
"झालं. पंखा बंद केला होतास ना? नाहीतर सगळी घरघर येईल त्यात. बंद कर आता ते. चहा ठेव."
कट्. संपली.
उतरवताना मी पोथी ठेवायची आणि हे असलं मागचं कापून टाकायची. रोजचंच कापलेलं आहे.
रिवाइंड करून पुन्हा लावली. वळून बघते तर हे दारात. किती वेळ उभे होते कोण जाणे. पाटी घेतली, काहीतरी लिहिलं, बराच वेळ. मला दाखवायच्या आत बाहीने पुसलं.
चहा ठेवला. कॅसेटच्या वरच्या कडेचे दोन्ही प्लास्टिकचे तुकडे सुरीच्या टोकाने मोडून टाकले, आता तिच्यावर दुसरं काही भरता येणार नाही.
मुंबईवाल्याचा निरोप नाही.